मर्यादित पैशांत स्कुबाचे साहित्य : आधी काय घ्यावे आणि कशाच्या वाटेला जाऊ नये?

दर्यावेडा_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

गेल्या फेब्रुवारीत अंदमानात, स्वराज द्वीपावर, मी स्कुबाचा, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही. आतापर्यंत एकूण ९ डाइव्ह झाल्या आहेत. नोकरी फोर्टात, घर डोंबिवलीला आणि घराचे हप्ते चालू, त्यामुळे वर्षातून दोन फेऱ्या जमल्या तरी पुष्कळ झाले. एक फेरी थंडीत मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला करायची आणि दुसरी, जमलीच तर, अंदमानला, असा विचार आहे. दरमहा थोडे बाजूला टाकून ४०,००० रुपये साठवले आहेत आणि ते स्वतःच्या साहित्यावर खर्च करावेत, असे मनात आहे.

याला दोन अनुभव कारणीभूत झाले. पहिल्या फेरीत मला मिळालेल्या मास्कमध्ये सतत पाणी शिरत होते. १४ मीटरवर मासे बघण्याऐवजी मी पाऊण तास मास्कमधले पाणीच काढत होतो. दुसऱ्या वेळी, एका वेगळ्या ठिकाणी, आम्हा चौघांत डाइव्ह कॉम्प्युटर एकच होता आणि तोही मार्गदर्शकाच्या मनगटावर. वर आल्यावर मी किती खोल गेलो होतो हे मलाच कोणाला तरी विचारावे लागले, आणि ते मनाला लागले.

सध्या माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. अंधेरीतले एक गृहस्थ हा छंद सोडत असून रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे यंत्र), बीसीडी (तरंगणे सांभाळणारे, हवेने फुगवायचे जाकीट), गेज (हवेचा दाब दाखवणारी तबकडी) आणि एक जुना कॉम्प्युटर असा सगळा संच ३५,००० रुपयांना द्यायला तयार आहेत. २०१८ नंतर तो वापरलेला नाही. दुसरा पर्याय दारुखान्यातला. तेथील एका भंगाराच्या दुकानात सिलिंडर, पाठीवरचा पट्टा आणि पूर्ण चेहऱ्याचा मास्क असलेला श्वसनसंच मित्राने पाहिला आहे. दुकानदार ६,००० रुपये मागतो आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निळाई

स्वागत आहे. मी पार्ल्यात राहते, नऊ वर्षांत सुमारे १४० डाइव्ह झाल्या आहेत आणि पहिली पाच वर्षे माझीही आर्थिक परिस्थिती तुमच्यासारखीच होती. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

परदेशी संकेतस्थळांवरचे सल्ले वाचून आपण संपूर्ण संच घ्यायला निघतो, पण ते सल्ले ज्यांच्या घराजवळ समुद्र आहे आणि जे दर शनिवारी स्वतःच्या गाडीत सिलिंडर टाकून किनाऱ्यावरून पाण्यात उतरतात, त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. मुंबईला समुद्र आहे, पण या गढूळ पाण्यात हौसेने डाइव्ह करण्यासारखे काही नाही. आपण रेल्वेने किंवा विमानाने कुठेतरी जातो, तेथे बोटीवरून उतरतो आणि आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांच्या दरात साहित्याचे भाडे धरलेलेच असते. स्वतःचे साहित्य नेले म्हणून दर कमी होतोच असे नाही, झालाच तर थोडासा. म्हणून वर्षाला सात-आठ डाइव्ह करणाऱ्याने "भाडे वाचेल" या हिशोबाने काही घेऊ नये, कारण तो हिशोब जुळत नाही. वस्तू घ्यायची ती एक तर ती स्वतःच्या शरीराला बसली पाहिजे म्हणून, किंवा तिच्यातली माहिती फक्त आपली असली पाहिजे म्हणून.

या कसोटीवर पहिला क्रमांक मास्कचा. तुमचा पहिला अनुभव मास्कच्या दर्जापेक्षा त्याच्या आकाराचा आहे. प्रत्येकाच्या गालाची हाडे, कपाळ आणि नाक वेगळे असते. दुकानात मास्कचा पट्टा पुढे टाकून द्या, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, केस आत येऊ देऊ नका आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चेहऱ्याला धरून राहिला आणि कुठून हवा शिरल्याचे जाणवले नाही, तर तो तुमचा. स्नॉर्कलचे किंवा रेग्युलेटरचे मुखनळे तोंडात धरूनही हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण तोंड उघडले की गालांचा आकार बदलतो. काच टेम्पर्ड असावी आणि कडा सिलिकॉनची. या परीक्षेत जो उतरेल तो घ्या, मग तो सर्वांत स्वस्त असला तरी चालेल. मी आजही वापरते तो मास्क मला ३,२०० रुपयांना मिळाला होता आणि त्याच दुकानातला ८,००० रुपयांचा मास्क माझ्या चेहऱ्याला बसला नव्हता. या कारणासाठी मास्क ऑनलाइन मागवू नये, एवढा एकच आग्रह मी धरेन.

नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच तीन-चार वेळा घासून धुतली नाही, तर पहिल्या डाइव्हला सगळे धुकट दिसेल आणि नवीन मास्क खराब निघाला, असे उगाच वाटेल.

आणखी एक. पूर्ण चेहरा झाकणारे, वरून श्वास घेण्याचे जे स्नॉर्कल मास्क खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांत मिळतात, ते स्कुबासाठी नाहीत. त्यात नाक चिमटीत धरून कानांतला दाब जुळवता येत नाही आणि रेग्युलेटरही तोंडात घेता येत नाही. पोहण्याचा साधा गॉगलही चालत नाही, कारण नाक बाहेर राहिले की खोलीवर गॉगलमधली हवा दाबली जाते आणि डोळे आत ओढल्यासारखे दुखू लागतात.

दुसरा क्रमांक कॉम्प्युटरचा. त्याविषयी रात्री सवडीने लिहिते.

खलाशी_माझगाव

दर्यावेडा, दारुखान्यातल्या त्या संचाला कृपया हात लावू नका. मी ३१ वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात होतो आणि दारुखान्यात फोडल्या गेलेल्या जहाजांवर हे संच कशासाठी असतात, हे मला नीट ठाऊक आहे. धूर भरलेल्या खोलीत आग विझवायला जाणाऱ्या माणसासाठी तो श्वसनसंच असतो. त्यात आणि स्कुबाच्या संचात, दोन्हींत दाबाखालची हवा भरलेला सिलिंडर असतो, म्हणून ते सारखे दिसतात, पण साम्य तेथेच संपते.

पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. १० मीटरवर छातीवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो, २० मीटरवर तिप्पट. स्कुबाच्या रेग्युलेटरची पहिली स्टेज सिलिंडरमधला २०० बारचा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतका खाली आणते आणि दुसरी स्टेज तो नेमका भोवतालच्या दाबाइतका करून तोंडात देते. भोवतालच्या पाण्याशी जुळवून घेण्याची ही योजना हाच त्या यंत्राचा प्राण आहे. आगीच्या संचात ती नसते, कारण जहाजाच्या कॉरिडॉरमध्ये तिची गरजच नसते. शिवाय त्याचे झडप आणि स्प्रिंग खाऱ्या पाण्यात बुडवण्यासाठी बनवलेले नसतात. पाण्यावर तो संच उत्तम चालतो असे वाटेल आणि खोलीवर तो फसवेल. दुकानदाराने "चालू आहे" असे सांगितले असेल तर तो खोटे बोलत नाही. तो चालू आहे, पण दुसऱ्या कामासाठी.

कोविडनंतर जुने ऑक्सिजन सिलिंडरही बाजारात बरेच आले आहेत. "सिलिंडर तर आहे, त्यात हवा भरू" असे सांगणारे कोणी भेटले, तर त्यांनाही नकार द्या. त्यात शुद्ध ऑक्सिजन उरला असेल, तर तो ६ मीटरच्या खाली विषासारखा काम करतो, झटके येतात आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातले सुटते. सामान्य डाइव्हला आपण साधी, गाळलेली, कोरडी हवाच वापरतो, आणि ती श्वसनासाठी बनवलेल्या कॉम्प्रेसरने भरलेली असावी लागते. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तेलकट असते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो.

एकूणच सिलिंडर हा प्रकार मुंबईकराने विकत घेण्याचा नाही. आपल्याकडे दाबाचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात. त्यांना पेसोची म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता लागते आणि ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. जुन्या सिलिंडरांची आणखी एक भानगड आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत ६३५१ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे बरेच सिलिंडर बनले आणि त्यांच्या गळ्याशी कालांतराने चिरा पडतात, असे आढळले. भंगारात कोणता आला आहे हे तुम्हाला कसे कळणार? केंद्रावर भरलेला, तपासलेला सिलिंडर डाइव्हच्या दरातच मिळतो.

चष्मेवाली_दादर

निळाईताई, माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ४.५ आहे. चष्मा लावून मास्क बसत नाही. काय करावे? शिवाजी पार्कच्या तलावात मी नंबरचा गॉगल वापरते, पण तुमच्या बोलण्यावरून तो उपयोगाचा नाही, असे दिसते.

निळाई

@चष्मेवाली_दादर, दोन भिंगांचे, म्हणजे मध्ये पट्टी असलेले मास्क घ्यावेत. त्यातल्या अनेकांच्या काचा काढून त्याजागी तयार नंबरची भिंगे बसवता येतात. ती अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात, त्यामुळे ४.५ सहसा सापडतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र चष्म्याच्या दुकानातून भिंग बनवून आतून चिकटवून घ्यावे लागते आणि ते महाग पडते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालून डाइव्ह करणारेही पुष्कळ आहेत. मास्कमध्ये पाणी आले की डोळे मिटायचे, एवढी सवय लागते. पाण्याखाली वस्तू एक-तृतीयांश मोठ्या आणि एक-चतुर्थांश जवळ दिसतात, म्हणून थोडासा नंबर असलेल्यांचे चष्म्यावाचून भागते, पण ४.५ ला नाही भागणार.

आता कॉम्प्युटर. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळत जातो आणि तो किती विरघळला, अजून किती वेळ त्या खोलीवर थांबता येईल, वर किती वेगाने यावे, हे कॉम्प्युटर क्षणोक्षणी मोजतो. हे मोजमाप एका व्यक्तीचे असते. मार्गदर्शक तुमच्यापेक्षा तीन मीटर वर असेल तर त्याचा कॉम्प्युटर तुमच्याबद्दल काही सांगत नाही. सकाळी एकाने वापरलेला आणि दुपारी दुसऱ्याला दिलेला कॉम्प्युटर तर सकाळच्या माणसाचा नायट्रोजन दुपारच्या माणसाच्या खात्यावर मांडतो किंवा उलटे करतो. म्हणून मास्कनंतर मी कॉम्प्युटर सांगते, भले त्यासाठी बाकी सगळे पुढे ढकलावे लागले तरी.

सुंटो झूप, क्रेसी लिओनार्डो, मारेस पक यांसारखे साधे कॉम्प्युटर नवशिक्याला पुरेसे आहेत. रंगीत पडदा, सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणारी जोडणी, होकायंत्र या गोष्टींसाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. एक मात्र बघावे : बॅटरी आपली आपण बदलता येते का. ज्या यंत्राला बॅटरीसाठी कंपनीकडे पाठवावे लागते, ते सहलीच्या आदल्या आठवड्यात बंद पडले तर सगळी फेरी वाया जाते. मी माझा वापरलेलाच घेतला होता, ११,००० रुपयांना. त्याच्या नोंदींतल्या शेवटच्या डाइव्ह वाचल्या, बॅटरीच्या झाकणाखाली हिरवट गंज नाही ना ते पाहिले आणि पहिल्या डाइव्हला केंद्राच्या कॉम्प्युटरशेजारी बांधून दोन्हींवरची खोली ताडून पाहिली.

तळाकडे

निळाईताईंच्या मास्क आणि कॉम्प्युटरच्या क्रमाशी पूर्ण सहमत, पण रेग्युलेटरबद्दल थोडे वेगळे मत मांडतो. मी चार हंगाम गोव्यात आणि दोन मालवणला डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखालचा मार्गदर्शक, म्हणून काम केले आहे. भाड्याचे रेग्युलेटर दिवसाला चार-चार वेळा पाण्यात जातात. चांगल्या केंद्रात ते नियमित दुरुस्त होतात आणि काही ठिकाणी होत नाहीत, हेही मी पाहिले आहे. स्वतःचा रेग्युलेटर असेल तर त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो आणि खाली श्वास किती हलका येतो याची सवय झाल्याने मन शांत राहते. मन शांत राहिले की हवाही कमी लागते.

हवेचा हिशोब एकदा करून बघा. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो. २०० बार भरला तर २,२२० लिटर हवा. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे वापरायला १,६६५ लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढणारा माणूस १८ मीटरवर, जेथे दाब २.८ बार असतो, ५६ लिटर ओढतो. म्हणजे जेमतेम अर्धा तास. घाबरून श्वास दीडपट झाला तर वीस मिनिटे. त्यामुळे माझ्या दृष्टीने ज्या यंत्रातून श्वास घ्यायचा, ते आपले असणे यालाही किंमत आहे.

अंधेरीचा संच बघायला जाणार असाल, तर हे बघून या.

पहिल्या स्टेजच्या तोंडाशी धातूची छोटी, सच्छिद्र जाळी दिसते. ती स्वच्छ चंदेरी असावी. हिरवट असेल तर आत खारे पाणी गेले आहे, तांबूस असेल तर एखाद्या पोलादी सिलिंडरचा गंज आला आहे. नळ्यांच्या टोकांवरची रबरी टोपणे मागे सरकवून खालची नळी वाकवून पाहा, कारण चिरा नेहमी त्या टोपणांखाली लपलेल्या असतात. मग पहिल्या स्टेजचे तोंड त्याच्या झाकणाने घट्ट बंद करा आणि दुसऱ्या स्टेजमधून श्वास ओढा. काहीच येता कामा नये. हवा आली तर पडदा, उच्छ्वासाची झडप किंवा पेटी कुठेतरी फुटलेली आहे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि सिलिंडर नसतानाही घेता येते.

बीसीडी तोंडाने पूर्ण फुगवा आणि तासभर तसेच ठेवून गप्पा मारा. चहा प्यायला सांगतीलच. मऊ पडले तर गळती आहे. नंतर ते रिकामे करून कानाशी हलवा. आत खडखड झाली तर ते मिठाचे खडे आहेत आणि ते आतली पिशवी कापतात. फुगवण्याचे बटण दाबून सोडल्यावर चटकन वर आले पाहिजे. अडकून राहणारे बटण पाण्याखाली तुम्हाला चेंडूसारखे वर फेकते.

पहिली स्टेज कोणत्या बनावटीची आहे तेही विचारा. साध्या पिस्टनची, स्कुबाप्रो एमके२ सारखी जुनी आणि सोपी रचना असेल तर तिचे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती करणाराही मिळतो. नाव नसलेली किंवा ज्या कंपनीचा सेवाप्रतिनिधी भारतात नाही अशी असेल, तर फुकट दिली तरी घेऊ नका. सिलिंडरला जोडण्याची पद्धतही पाहा : आपल्याकडच्या केंद्रांवर बहुधा योक, म्हणजे कड्याची पद्धत असते, डिन (DIN) पद्धतीचा स्क्रू असेल तर अडॅप्टर सोबत मागून घ्या.

निळाई

तळाकडे यांनी रेग्युलेटर तपासण्याची जी पद्धत दिली आहे ती छापून ठेवावी अशी आहे. माझा आक्षेप एवढाच, की रेग्युलेटर ही एकदा पैसे देऊन संपणारी वस्तू नाही. वापर असो वा नसो, आतली रबरी कडी आणि बैठका काळाने कडक होतात. कंपन्या वर्षाला किंवा दोन वर्षांना, अथवा ठरावीक डाइव्हनंतर दुरुस्ती सांगतात आणि त्यात सुट्या भागांचा संच आणि मजुरी दोन्ही येतात. २०१८ पासून कपाटात पडलेला रेग्युलेटर "नव्यासारखा" नसतो. पहिल्याच दिवशी त्याची पूर्ण दुरुस्ती करावी लागेल. गेल्या वेळी माझ्या रेग्युलेटरला, दोन्ही दुसऱ्या स्टेजसह, ७,५०० रुपये लागले. वर्षाला आठ डाइव्ह करणाऱ्याने तेवढा खर्च प्रत्येक डाइव्हवर वाटून पाहावा. तीस-चाळीस डाइव्ह होऊ लागल्या की मी स्वतःच तुम्हाला रेग्युलेटर घ्या म्हणेन.

मन शांत राहण्याचा मुद्दा खरा आहे. त्यासाठी केंद्र निवडताना प्रश्न विचारावेत : रेग्युलेटरची शेवटची दुरुस्ती कधी झाली, प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळेल का, बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का. याला पैसे लागत नाहीत. जे केंद्र या प्रश्नांना चिडते, तेथे मी जात नाही.

दर्यावेडा_डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. खलाशीकाका, दारुखान्याचा विषय मी त्याच दिवशी बंद केला आणि मित्रालाही तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. रविवारी अंधेरीला जातो आहे. तोपर्यंत एक विचारतो : फिन्स (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख), वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) आणि इतर किरकोळ गोष्टींचे काय करावे?

सर्जेकोटकर

मी मालवणचा, बोटीवर असतो. फिन्स केंद्रावरचे चालतात, फक्त पायाला चावणारे नकोत. बोटीवरून उतरणाऱ्याला पूर्ण पाऊल आत जाणारे फिन्स पुरतात, ते हलकेही असतात आणि स्वस्तही. मागे पट्टा असलेल्या फिन्सना वेगळे बूट लागतात. जेथे खडकांवरून चालत पाण्यात जायचे असते, तेथे त्यांचा उपयोग.

आमच्या पाण्यात जाड सूट लागत नाही. ३ मिलिमीटरचा चांगल्यापैकी पुरतो आणि काही जण अंगाला बसणाऱ्या लांब बाह्यांच्या लायक्रावरच उतरतात. अंग झाकलेले मात्र असावे. थंडीपेक्षा जेलीफिश आणि खडकांवरचे धारदार शिंपले जास्त त्रास देतात. लायक्रा हजार-बाराशेत येते.

मी तुम्हाला एक वेगळी वस्तू घ्यायला सांगतो, जी पाहुणे कधीच आणत नाहीत : एसएमबी. पाण्यावर उभा राहणारा नारिंगी लांबट फुगा आणि त्याची दोरीची रीळ. पाण्याला ओढ असेल तर खालचा माणूस बोटीपासून केव्हा शंभर-दोनशे मीटर लांब जातो ते त्याला कळत नाही, आणि लाटांमध्ये एक काळे डोके दिसणे किती कठीण आहे ते बोटीवरच्यालाच विचारा. उन्हात डोळ्यांवर हात धरून आम्ही शोधत बसतो. फुगा वर आला की दोन मिनिटांत बोट तेथे पोहोचते. सोबत एक शिट्टी बीसीडीला बांधा. दोन्ही मिळून दोन-अडीच हजारांत होते. आधी तलावात किंवा उथळ पाण्यात इन्स्ट्रक्टरबरोबर तो सोडायला शिका, कारण रीळ हातात अडकली तर फुगा माणसालाच वर ओढतो.

आणखी एक गोष्ट साहित्याची नाही, पण पैसे वाचवण्याच्या नादात लोक ती करतात म्हणून लिहितो. सकाळी दोन डाइव्ह करून दुपारच्या मिळेल त्या गाडीने आंबोली किंवा फोंडा घाटाने कोल्हापूरमार्गे निघू नका. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे आणि अंगात नायट्रोजन असताना इतके वर चढणे बरे नाही. एक रात्र थांबा, नाहीतर कुडाळहून रेल्वेने जा.

निळाई

सर्जेकोटकरांचा शेवटचा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. अंदमानहून परतीचे तिकीट काढतानाच शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. साहित्य विमानाने नेताना देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान चालते हेही लक्षात असू द्या; बीसीडी, रेग्युलेटर आणि फिन्स मिळून त्यातले निम्म्याहून अधिक वजन जाते आणि जास्तीच्या सामानाचे पैसे दर फेरीला भरावे लागतात. मास्क, कॉम्प्युटर, एसएमबी आणि लायक्रा मात्र पाठीवरच्या पिशवीत मावतात.

चष्मेवाली_दादर

पावसाळ्यात हे सगळे ठेवायचे कसे? आमच्या चाळीत जूनमध्ये चपलांनाही बुरशी येते.

तळाकडे

प्रत्येक फेरीनंतर सगळे गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवावे. ऊन सिलिकॉन आणि निओप्रीन दोन्ही खराब करते. मास्क त्याच्या कडक डबीतच ठेवा, नाहीतर कडा वाकून बसते आणि पुढच्या वर्षी गळते. सूट घडी न घालता जाड हँगरवर टांगा. कॉम्प्युटर आणि मास्कच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जुलैत एकदा सगळे बाहेर काढून वारा लागू द्या. रेग्युलेटर धुताना झाकण आधी कोरडे करून घट्ट लावा आणि तो पाण्यात असताना पर्जचे, म्हणजे दुसऱ्या स्टेजवरचे हवा सोडण्याचे, बटण दाबू नका, कारण त्या बटणानेच पाणी आतल्या नळीत शिरते.

दर्यावेडा_डोंबिवली

मंडळी, काल अंधेरीला जाऊन आलो. ते गृहस्थ अतिशय सज्जन निघाले आणि त्यांनी सगळे मोकळेपणाने पाहू दिले. तळाकडे यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट तपासली. जाळी फिकट हिरवी होती. टोपण मागे सारल्यावर गेजच्या नळीवर दोन आडव्या चिरा दिसल्या. त्या खुद्द मालकांनाही ठाऊक नव्हत्या. श्वास ओढण्याच्या परीक्षेत मुख्य दुसरी स्टेज उतरली, पण पिवळ्या रंगाच्या राखीव स्टेजमधून हवा येत राहिली. ज्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो तीच गळत होती, हे पाहून मी बराच वेळ गप्प बसलो. बीसीडी मात्र दीड तास ताठ राहिले. कॉम्प्युटरची बॅटरी संपलेली होती, पण झाकणाखाली गंज नव्हता. मी जाताना नवी बॅटरी नेली होती, ती घातल्यावर तो सुरू झाला आणि २०१८ मधल्या नोंदी दिसल्या.

मी त्यांना रेग्युलेटरविषयी स्पष्ट सांगितले आणि तो दुरुस्तीशिवाय कोणालाही देऊ नये, अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. मी त्यांच्याकडून फक्त कॉम्प्युटर ९,००० रुपयांना घेतला. बीसीडीचा मोह झाला होता, पण निळाईताईंनी लिहिलेले १५ किलोंचे गणित आठवले. धोबी तलावाजवळच्या दुकानांत आणि उपनगरातल्या एका मोठ्या दुकानात मिळून अकरा मास्क चेहऱ्याला लावून पाहिले. नववा बसला, २,८०० रुपयांचा. एसएमबी, रीळ आणि शिट्टी मिळून २,४०० आणि लायक्रा १,१००. एकूण खर्च १५,३०० रुपये. उरलेल्या पैशांतून डिसेंबरात मालवणच्या सहा डाइव्ह आणि एक जास्तीचा मुक्काम होतो आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. कॉम्प्युटर खोलीच्या बाबतीत बरोबर आहे का, हे मालवणला जाण्याआधी मुंबईतच पाहता येईल का? आणि एसएमबी सोडायचा सराव कुठे करावा?

खलाशी_माझगाव

पहिल्याचे उत्तर अर्धेच देता येईल. तलावाच्या खोल बाजूला, जेथे भिंतीवर खोलीचा आकडा लिहिलेला असतो, तेथे परवानगी घेऊन कॉम्प्युटर दोरीला वजन बांधून तळाशी सोडा आणि वर काढून कमाल खोली वाचा. तलावाचे पाणी गोडे आणि कॉम्प्युटर बहुधा खाऱ्या पाण्यासाठी जुळवलेला, त्यामुळे आकडा दोन-तीन टक्के कमी येईल, तेवढा फरक सोडून द्या. यावरून तो पाण्यात जागा होतो आणि दाब ओळखतो एवढे कळेल. १८ मीटरचा भरवसा मात्र निळाई यांच्या पद्धतीनेच, केंद्राचा कॉम्प्युटर शेजारी बांधून.

सर्जेकोटकर

एसएमबीचा सराव पहिल्या दिवशी आमच्याकडे पाच मीटरवर करून घेऊ. रीळ नवी असेल तर घरीच एकदा सगळी दोरी सोडून पुन्हा हाताने गुंडाळून आणा. कारखान्यातून ती सैल गुंडाळलेली येते आणि पहिल्याच वेळी गुंता होतो. डिसेंबरच्या कोणत्या तारखांना येणार ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी गढूळ असते, त्यामुळे अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस मिळाले तर बघतो.